आठ मोत्यांची राणी

नऊ मोती असायला हवे होते. आठच भरले.

शिमेलिस मास्तरांनी भिंग शर्टाच्या टोकानं पुसलं, श्वास रोखला आणि पुन्हा मोजले. नाण्यावरच्या राणीच्या खांद्यावर एक ब्रोच असतो आणि त्या ब्रोचच्या कडेनं नऊ मोती असतात, हे शोलामेद्यात एके काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या काळी बिर म्हणजे कागदी नोट नव्हती. बिर म्हणजे ही जाडजूड, दुहेरी हनुवटीची परदेशी राणी, तळहात भरून टाकणारी, चांदीची. सोमवारच्या बाजारात व्यापारी आधी हिचे मोती मोजायचे आणि मगच तुमच्या तोंडाकडे बघायचे. एक मोती कमी भरला की नाणं परत. मग रडा नाहीतर शपथा घ्या.

"आठ!" मास्तर मोठ्यानं म्हणाले.

"पाण्याचे भरलेले डबे दोनच आहेत," त्यांची बायको येशी स्वयंपाकघरातून म्हणाली. "आठ असते तर मी तुझ्याशी गोड बोलले नसते का?"

सगळं सुरू झालं होतं ते या डब्यांवरूनच. शोलामेद्यात नळाला पाणी येतं गुरुवारी पहाटे. म्हणजे आलं तर येतं. ज्यांच्या छपरावर टाकी आहे ते लोक गुरुवारी पहाटे कूस बदलतात. ज्यांच्या नाही, ते पिवळे डबे घेऊन अंगणात उभे राहतात आणि नळाच्या घशात होणारी घरघर ऐकत एकमेकांना धीर देतात. येशीला टाकी हवी होती. काळी, झाकणाची, शेजारच्या अस्रातच्या छपरावर आहे तशी. खरं म्हणजे तिच्याहून चार बोटं उंच. मास्तरांच्या पेन्शनीत टाकीचं झाकण तेवढं आलं असतं.

अस्रात हा टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर त्यानं एक मोठा फोन घेतला होता आणि त्यात बघून तो जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला द्यायचा. सल्ला मागायला कुणी येत नसे, म्हणून बिचारा स्वतः जायचा. येशीनं कॉफी भाजायला घेतली की वासानं तो बरोबर दारात हजर.

"गाशे," तो मास्तरांना आदरानं म्हणाला होता, "घरात जुनं काही आहे का?"

"मी आहे."

"चांदीचं विचारतोय."

तेव्हा मास्तरांना आईचं नाणं आठवलं. आठवलं म्हणजे ते विसरले कधीच नव्हते. आई जाऊन बारा वर्षं झाली, तरी नाणं अजून तिनं ठेवलं होतं तिथेच होतं: लाल तिखटाच्या मडक्यात, चिंधीत बांधून, अगदी तळाशी. येशी दर वर्षी नवं तिखट करायची, मडकं रिकामं करायची, धुवायची, आणि नव्या तिखटाखाली ती गाठ पुन्हा पुरून ठेवायची. सासूनं सांगितलं नव्हतं. सुनेनं विचारलं नव्हतं. काही गोष्टी घरात अशाच चालू राहतात.

अस्रातनं नाणं हातात घेतलं, जुन्या लोकांसारखं जाणकारपणे दातांखाली धरलं आणि पुढची दहा मिनिटं तो शिंकत होता. तिखट बारा वर्षांचं नव्हतं, या वर्षीचं होतं.

"चांदी अस्सल आहे," डोळे पुसत तो म्हणाला. "पण नुसत्या चांदीला कोण विचारतं? चूक हवी, गाशे. टांकसाळीत चूक झालेलं नाणं असेल ना, तर शौकीन लोक घर विकून घेतात. ठसा दोनदा बसलेला, सरकलेला, एखादी गोष्ट उमटायची राहून गेलेली..."

"चुकीला पैसे देतात?" मास्तर एकदम ताठ बसले.

"तर! जितकी मोठी चूक, तितकी जास्त किंमत."

मास्तर दुखावले. पस्तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता. पोरांनी निळ्या नाईलचा उगम वाळवंटात दाखवला की अर्धा मार्क कापला होता, आणि तो अर्धा मार्क कापताना आपण जगाची घडी नीट बसवतो आहोत असा त्यांचा समज होता. आता कळत होतं की जगात कुठेतरी चुकांचा बाजार भरतो आणि तिथे अर्ध्या मार्काला टाकी मिळते.

आणि मग त्यांना एकदम बापाची गोष्ट आठवली.

मास्तरांच्या बापाला, वोर्कूला, खेचरांचं वेड होतं. घरात लग्नात आलेली सात चांदीची नाणी होती. त्यातली सहा खेचरांत गेली. एक खेचर लंगडं निघालं, एक आंधळं, एक इतकं हट्टी की विकणाऱ्याच्याच दारात जाऊन उभं राहिलं आणि पुन्हा कधी आलंच नाही. राहिलेल्या तिघांबद्दल बाप बोलत नसे. सातवं नाणं घेऊनही तो सोमवारच्या बाजाराला गेला होता, एकदा नव्हे तीनदा. तिन्ही वेळा व्यापाऱ्यानं मोती मोजले, "आठ!" म्हणून नाणं परत फेकलं, आणि तिन्ही वेळा बाप खेचराशिवाय घरी आला. पुढे म्हातारपणी शेकोटीपाशी तो ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचा, की पोरं आधीच शेवट म्हणून टाकायची: "राणीला आपलं घर आवडलं! जायला तयारच नाही!"

"म्हणजे तेव्हापासून आठ?" अस्रात उठून उभा राहिला. "गाशे, मग ही चूक टांकसाळीचीच!"

त्या दिवसापासून मास्तरांच्या घरी मोती मोजायला माणसं येऊ लागली. नाक्यावरचा भाकरीवाला आला, चर्चमधला घंटा वाजवणारा आला, येशीच्या बचत मंडळातल्या बायका तर कॉफीची भांडी घेऊनच आल्या. कुणाला आठ दिसले, कुणाला नऊ. एका बाईला अकरा दिसले आणि ती कुणाचं ऐकेना. दोन मतं झाली की माणसं वस्तूकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघायला लागतात. मास्तर भिंग घेऊन मध्ये बसले होते आणि "क्रमानं, क्रमानं" म्हणत होते. वर्गात जेवढं ऐकलं जायचं तेवढंच इथेही ऐकलं जात होतं.

शेवटी पलीकडच्या गल्लीतून हाजी नुरूंना बोलावलं. हाजी चांदीचे कारागीर, बापजाद्यांपासून. गावातल्या निम्म्या बायकांच्या गळ्यातले क्रूस आणि उरलेल्या निम्म्यांच्या पायातले तोडे त्यांच्याच घरचे. पण आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. म्हणजे मोती मोजायला आलेल्या माणसाजवळ स्वतःचेच दोन जादा. त्यांनी मोजायचा प्रयत्नही केला नाही. नाणं अंगठ्याच्या नखावर घेतलं आणि येशीच्या पाट्यावर उडवलं.

तो आवाज झाला आणि सगळ्यांचे कान तिकडे लागले. टण्ण... आणि मग बराच वेळ, विरत विरत, मधमाशी दूर जावी तसा.

 लहानपणी मास्तर धडपडायचे, डोक्याला टेंगूळ यायचं, आणि आई हेच नाणं पाण्यात बुडवून टेंगळावर दाबून धरायची. थंडगार चांदी, तिखटाचा वास, आणि आईचा अंगठा. तो अंगठा नाण्यावर नेहमी एकाच जागी फिरत असायचा, सवयीनं, जपमाळेवर फिरावा तसा. टेंगूळ उतरलं तरी ते आणखी थोडा वेळ रडायचे.

"चांदी बोलते आहे," हाजी म्हणाले. "नाणं खरं. मोत्यांचं तुम्ही बघा."

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मास्तरांची अब्रू शाबूत राहिली असती. पण अस्रातनं फोनमधून राजधानीतले, अदिसमधले एक डॉक्टर शोधून काढले. दातांचे डॉक्टर, नाव नाओद, आणि जुन्या नाण्यांचे मोठे शौकीन. फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता, म्हणून सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"आठ मोती? नक्की? आणि सुरुवातीपासून आठ?" डॉक्टर म्हणाले. "मास्तर, असं असेल तर मी तुम्हाला दोन टाक्या घेऊन देतो. फक्त एक करा. नाणं धुऊ नका! त्याच्या अंगावरचा काळेपणा म्हणजे त्याचं वय. तो गेला की निम्मी किंमत गेली."

मास्तरांनी हळूच मान वळवली. मागच्या पायरीवर येशी बसली होती. पाहुणे शिंकतात म्हणून तिनं नाणं घासायला लिंबू आणि राख घेतली होती, सासूबाई सणाला घ्यायच्या तशी. राणीचं नाक, कपाळ आणि मुकुट लखलखत होते. खालचा अर्धा भाग अजून सावळा होता.

"शिमे," ती सावकाश म्हणाली, "अर्धं वय गेलं का रे?"

डॉक्टरांना यातलं काही सांगितलं नाही. ते पुढच्या सोमवारी येणार होते आणि त्यांना एक कागद हवा होता: नाणं खाजगी आहे, कुटुंबाचं आहे, कुठल्या मठातून वा थडग्यातून आलेलं नाही, असा. जुन्या वस्तूंची कचेरी बाजाराच्या वर, चढावर आहे. मास्तर कोट घालून गेले.

पहिल्या खिडकीत तिझिता नावाची कारकून होती, मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी, भूगोलात दोनदा नापास. ओळख दोघांनाही लगेच पटली. आनंद एकालाच झाला.

"नाण्यावरचं साल, मास्तर?"

"सतराशे ऐंशी."

"आपलं की फिरंगी?"

"फिरंगी."

"मग आठ वर्षं वजा. आपलं साल फिरंग्यांच्या तेवढं मागे चालतं." तिनं बोटांवर हिशेब केला, मास्तरांनी तिला कधीच करू दिला नव्हता तसा. "सतराशे बहात्तर." आणि शिक्का मारला.

दुसऱ्या खिडकीतल्या साहेबांनी कागद बघितला, नाणं बघितलं, पुन्हा कागद बघितला. "कागदावर बहात्तर. नाण्यावर ऐंशी. नाणं चुकलंय."

"नाणं कसं चुकेल? कागद चुकलाय!"

"कागदावर शिक्का आहे," साहेब म्हणाले.

मास्तर पहिल्या खिडकीकडे परत. तिझितानं खोडून ऐंशी लिहिलं. साहेबांनी ते आपलं साल धरलं, आठ वर्षं मिळवली आणि विचारलं, "म्हणजे फिरंगी अठ्ठ्याऐंशी. ही राणी तेव्हा होती का?"

"नव्हती. ती ऐंशीतच वारली."

"मग नाणं कुणी पाडलं?"

"अहो, ती गेल्यावरही पाडतच राहिले. माझ्या आईच्या लग्नापर्यंत पाडत होते. साल मात्र तेच ठेवलं, कारण आपले लोक दुसरं साल घेईनात!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नाण्यावरची तारीख खोटी आहे, हे तुम्ही तुमच्या तोंडानं सांगताय."

पस्तीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांना बाकावर उभं केलं, तो त्या दिवशी खिडकीसमोर बाकावर उभा असल्यासारखा उभा होता. मागच्या रांगेतले लोक हळहळत होते, आणि हळहळण्याइतकं अपमानास्पद दुसरं काही नाही. शेवटी असं ठरलं की नाण्याचा शब्द ग्राह्य धरता येत नाही, तेव्हा माणसाचा धरावा. सत्तरीच्या वरचा एक साक्षीदार आणायचा, ज्यानं हे नाणं मास्तरांच्या आईच्या हातात पाहिलंय.

असं माणूस जगात एकच उरलं होतं. आईची धाकटी बहीण, एतेते झेनेबू. ती वरच्या डोंगरवस्तीवर राहायची, आणि तिथे तीनचाकी चढत नाही. तिथे चढतं फक्त खेचर.

वोर्कूच्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा खेचर भाड्यानं घेतलं. जाताना ते तीनदा अडलं, एकदा बसलं, आणि एकदा त्यानं मास्तरांचा कोट चाखून बघितला. येताना वर एतेते बसली होती, ऐंशीच्या पुढची, पांढऱ्या ओढणीत गुंडाळलेली, मूठभर. तर गाढवाच्या पोरानं कसं शहाण्यासारखं पाऊल टाकावं!

"तुझ्या बापापेक्षा तुला जनावरातलं जास्त कळतं," एतेते म्हणाली.

"भाड्याचं आहे, एतेते."

"म्हणून तर म्हणते."

वाटेत तिनं दोनदा विचारलं, की एवढं काय काम काढलंय. मास्तर खेचराच्या मागच्या पायांवर नजर ठेवून चालत होते. ते म्हणाले, "काही नाही, नुसतं हो म्हणायचं."

सोमवारी सकाळी कचेरीत मास्तर, येशी, अस्रात आणि हाजी नुरू असा सगळा गोतावळा एतेतेच्या मागे उभा राहिला. तिझितानं नाणं तिच्या हातात ठेवलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, "आजी, हेच नाणं तुमच्या बहिणीचं, हे कशावरून?"

एतेतेनं नाण्याकडे बघितलंही नाही. तिनं अंगठा राणीच्या खांद्यावर नेला. बरोबर त्याच जागी. मास्तरांनी तो अंगठा बघितला आणि त्यांना वाटलं, आपल्याला आता टेंगूळ असायला हवं होतं.

"यावरून," ती म्हणाली. "हा मोती इथे नाही. तो आम्ही दोघींनी काढला."

 तिझिताचं पेन हवेत राहिलं.

"काढला म्हणजे?"

"दाभणानं. गोणी शिवायच्या. मी नाणं धरलं होतं, ती खरवडत होती. मी नऊ वर्षांची होते, माझी बोटं दुखली, पण मी सोडलं नाही." एतेते आता साहेबांकडे वळली होती, कारण एवढ्या उत्सुकतेनं तिच्याकडे बऱ्याच वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. "सात नाणी घेऊन आली होती हो ती लग्नात. सहांची खेचरं झाली. सातवं हातात घेऊन ती मला म्हणाली, झेनेबू, नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. पण बाजाराला नाही म्हणता येतं. बाजारात काय मोजतात गं? मी म्हटलं, मोती."

येशीनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. हसू होतं की दुसरं काही, ते मास्तरांना तीस वर्षांच्या संसारानंतरही कळलं नाही.

"आणि बाबांना कधी कळलं नाही?" त्यांनी विचारलं.

"तीनदा नेलं त्यानं. चौथ्या सोमवारी दाराशी थांबला. नाण्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हणाला, हे तूच ठेव. मग अख्ख्या गावाला सांगत फिरला, की राणीला आपलं घर आवडलं." एतेते हसली, एकाच दातानं. "खेचरांतलं कळत नव्हतं रे त्याला. पण अगदीच काही कळत नव्हतं असं नाही."

तिझितानं सगळं लिहून घेतलं. दाभण, गोणी, दुखलेली बोटं, सगळं. साल नाही, आकडा नाही, वजाबाकी नाही. शाळा सुटल्यापासून तिच्याकडून लिहिला गेलेला पहिला बिनचूक कागद असावा तो. साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला आणि कधी नव्हे ते समाधानानं तीन शिक्के मारले. पहिल्या पानावर लिहिलं होतं की नाणं कुटुंबाचंच आहे. दुसऱ्या पानावर साक्ष होती.

कचेरीपासून घरापर्यंत उतार आहे, पण त्या दिवशी मास्तरांना तो चढ वाटला. अस्रात त्यांच्या कानाशी चालत होता.

"गाशे, दोन पानं आहेत. टाचणी एकच आहे. मी काय म्हणतो, पहिलं पान तेवढं दाखवा. दुसरं वाऱ्यानं उडालं म्हणा. इथे वारा काय कमी आहे?"

"हाजी, तुम्हाला काय वाटतं?"

"मी सोनार माणूस," हाजी म्हणाले. "दागिन्यावर टाका दिसला नाही की काम चांगलं, एवढंच मला कळतं. तुमचं तुम्ही बघा."

 येशी पुढे चालली होती. तिच्या उजव्या खांद्याचा तोल जरा खाली आहे, डबे वाहून. मास्तरांना तो आज दिसला. म्हणजे दिसत रोजच होता.

डॉक्टर नाओद दुपारी आले. गोरेगोमटे, घाईचे, हातात छोटी चामडी पेटी. येशीनं कॉफीच्या रिवाजाप्रमाणे गवत पसरलं होतं, धूप घातला होता, लाह्या ठेवल्या होत्या. कॉफीच्या पहिल्या फेरीपर्यंत डॉक्टरांनी कसाबसा धीर धरला. मग डोळ्याला भिंग लावलं, कपाळावर दिवा बांधला आणि रोग्याला आ करायला लावतात तशी राणी उजेडाकडे वळवली.

"वरचा भाग धुतलाय," ते कण्हले.

"अर्धाच," येशी म्हणाली.

"पण मोती... आठ. आठच! आणि जागा बघा किती गुळगुळीत आहे. ठशातच नव्हता!" त्यांनी दुसरा हात पुढे केला. "मास्तर, कागद?"

मास्तरांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. अस्रात लाह्या चावायचा थांबला. टाचणी मास्तरांच्या बोटाला लागत होती. अर्धा मार्क, त्यांना वाटलं. फक्त अर्धा मार्क, आणि छपरावर काळी टाकी, आणि त्या खांद्याचा तोल सरळ. त्यांनी येशीकडे बघितलं. ती दुसऱ्या फेरीचं पाणी ओतत होती, वर बघत नव्हती. एतेते शेगडीपाशी बसून पेंगत होती आणि तिचा अंगठा मांडीवर आपला आपण फिरत होता.

"दुसऱ्या पानापासून वाचा," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी वाचलं. कपाळावरचा दिवा कागदावरून ओळीनं खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. शेवटी त्यांनी तो विझवला.

"मला कळलं नसतं," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. इतकी वर्षं अंगठ्यानं घासून ओरखडाच राहिला नाही. तुम्ही दाखवलं नसतं तर मला कळलं नसतं."

"मी आयुष्यभर पोरांच्या चुकांना लाल खूण केली," मास्तर म्हणाले. "ही चूक नाही, डॉक्टर. हे मुद्दाम केलंय. याला तुमच्या बाजारात काय मिळतं?"

"काही नाही. चांदीचा भाव." डॉक्टर ओशाळले. "तेवढा देतो. वितळवायला घेईल कुणीतरी."

हा शब्द ऐकून एतेतेनं डोळे उघडले.

"वितळवायला?" ती मास्तरांना म्हणाली. "लेकरा, हे एकदा झालंय. तुला मोठ्या शाळेत देस्सीला पाठवायचं होतं, तेव्हा तुझी आई हे घेऊन सोनाराकडे गेली. वाटलं, व्यापारी घेत नाही, सोनार तरी घेईल. सोनार म्हणाला, मोती आठ असोत की अठरा, मी वितळवणार. तिनं परत गाठ मारली. कानातली काढून दिली."

 आईचे कान मास्तरांना आठवत होते: भोकं होती, त्यात काडी असायची. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. भूगोलाच्या माणसाला नद्यांचे उगम पाठ असतात.

"तो सोनार माझे वडील असणार," हाजी नुरू हळूच म्हणाले. "इथे दुसरा कोण होता तेव्हा?" आणि कप खाली ठेवून त्यांनी मोतीबिंदूचे डोळे दुसरीकडे वळवले.

तेव्हा येशी उठली. तिनं डॉक्टरांच्या तळहातावरून नाणं उचललं, उजेडात धरलं आणि बाजारातल्या व्यापाऱ्यासारखं बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन... "आठ," ती म्हणाली. "नाही बाबा. हे चालायचं नाही." चिंधीत गाठ मारली, आत गेली, आणि मडक्यात हात कोपरापर्यंत घालून ते तळाशी ठेवून आली. बाहेर आली तेव्हा तिचा हात लाल होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तिखटाचंच असावं.

ही चौथी खेप. सत्तरहून जास्त वर्षांनी, दिवा लावून, भिंगातून, अदिसच्या शौकिनानंसुद्धा मोती मोजले होते आणि नाणं परत केलं होतं. आईनं दाभणानं घातलेली कडी अजून पक्की होती.

डॉक्टर माणूस भला. तिसऱ्या फेरीची, आशीर्वादाची कॉफी घेतल्याशिवाय उठले नाहीत. जाताना एतेतेचा दात बघितला आणि चांगला आहे म्हणाले. अस्रात मात्र आठवडाभर मास्तरांशी बोलला नाही; म्हणजे त्यानं दिवसाला एकच सल्ला दिला.

गुरुवारी पहाटे मास्तर कोट घालून अंगणात आले. गेल्या तीस वर्षांत ते गुरुवारी पहाटे अंगणात आले नव्हते, म्हणून येशीनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. डबे नऊ होते. ती भरत होती, ते उचलून नेत होते. सहाव्या डब्याला त्यांची कंबर बोलली, सातव्याला डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्यांनी डबा सोडला नाही. आठवा भरला आणि नळ घरघरला, शिंकला, बंद झाला.

येशी नववा रिकामा डबा हातात धरून उभी होती.

"आठ," ती म्हणाली.

"आठच असतात आपल्याकडे," मास्तर म्हणाले, आणि तोही डबा तिच्या हातातून घेतला.